हृदयाच्या रक्तवाहिन्या सगळ्यांच्या सारख्या नसतात

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो: ‘हृदयाला तीन रक्तवाहिन्या असतात आणि त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. जन्मजात दोष असेल तर तो लहानपणीच कळतो. ईसीजी आणि टूडी इको नॉर्मल आला की काळजी नाही. तरी शंका असेल तर अँजिओग्राफी करा, तिच्यात सगळंच दिसतं.’ यावर विसंबून धावताना येणारी चक्कर अंगावर काढणारी तरुण मुलं आहेत, म्हणून एकेक वाक्य तपासू.

हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीतून हृदयासाठी मुळात दोनच वाहिन्या निघतात, उजवी आणि डावी. डावी थोडं पुढे जाऊन दुभंगते, म्हणून हिशेबाला तीन धरतात. काहींमध्ये त्या दुभंगात आणखी एक फांदी असते. हृदयाच्या खालच्या-मागच्या भागाला रक्त देणारी शाखा दहापैकी सात-आठ जणांत उजवीतून येते, उरलेल्यांत डावीतून किंवा दोन्हींतून. ती उजवीतून येत असेल तर रिपोर्टमध्ये ‘राइट डॉमिनंट’ लिहितात. त्याला घाबरू नका, तो आजार नाही.

लहानपणी कळण्याबद्दल. डावी वाहिनी महाधमनीऐवजी फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या फुप्फुस धमनीतून निघत असेल तर बाळ बहुधा पहिल्या काही महिन्यांतच आजारी पडतं. पण इतर अनेक वेगळेपणं मुकी राहतात. पीट मॅराविच अमेरिकेच्या एनबीएमध्ये दहा हंगाम बास्केटबॉल खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, तो कॅलिफोर्नियात हौशी सामना खेळताना कोसळला आणि गेला. त्याला डावी वाहिनी जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात कळलं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाने १९९० साली १,२६,५९५ रुग्णांच्या अँजिओग्राफींचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात १.३ टक्के लोकांच्या या वाहिन्यांत जन्मजात वेगळेपण आढळलं. त्यातली बहुतेक निरुपद्रवी होती, हेही सांगितलं पाहिजे.

ईसीजीचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. डावी वाहिनी चुकीच्या, म्हणजे उजव्या बाजूने उगम पावून महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या मधून जात असेल, तर तिचं तोंड बरेचदा फटीसारखं अरुंद असतं आणि सुरुवातीचा तुकडा महाधमनीच्या भिंतीतूनच जातो. बसल्या जागी रक्त पुरतं, ईसीजी स्वच्छ येतो. जोरात धावताना मागणी वाढते, त्याच वेळी तो तुकडा दबतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशांची स्ट्रेस टेस्टसुद्धा कधीकधी नॉर्मल येते. इकोमध्ये उगम दिसू शकतात, विशेषतः मुलांमध्ये. पण मोठ्यांच्या नेहमीच्या इकोत लक्ष झडपांवर आणि हृदयाच्या आकुंचनावर असतं. उगम कोणी मुद्दाम शोधले, तरच सापडतात.

राहिली अँजिओग्राफी. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ मेसन सोन्स यांनी १९५८ साली तिची वाट खुली केली आणि ब्लॉक पाहायला ती आजही उत्तम आहे. पण तिच्यात दिसते ती वाहिनीच्या पोकळीत सोडलेल्या डायची, म्हणजे एक्स-रेत उमटणाऱ्या द्रवाची, सपाट सावली. वाहिनी कुठल्या धमनीच्या पुढून जाते की मागून, हे सीटी अँजिओ, म्हणजे सीटी स्कॅनने केलेली तपासणी, त्रिमितीत जास्त स्पष्ट दाखवते. स्नायूत बुडून जाणारी वाहिनी, म्हणजे ‘मायोकार्डियल ब्रिज’, हीसुद्धा सीटीत कितीतरी जास्त जणांत सापडते. ब्रिज म्हणजे ब्लॉक नव्हे. ब्रिजमधली वाहिनी दबते ती स्नायू आकुंचन पावताना, पण हृदयाच्या स्नायूला बहुतेक रक्त तो सैल पडतो तेव्हा मिळतं, म्हणून ब्रिजचा सहसा त्रास होत नाही.

सीटीलाही मर्यादा आहेत. ठोके जलद असले की चित्र धूसर होतं, वाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम जास्त असलं की ब्लॉक आहे त्यापेक्षा मोठा भासतो, शिवाय किरणोत्सर्ग आणि डाय आहेच. म्हणून प्रत्येकाने ती करून घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण पोलीस भरतीसाठी धावणारा मुलगा पळतापळता बेशुद्ध पडला, त्याच्या छातीत दुखलं, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर नॉर्मल ईसीजीवर थांबू नका. सराव बंद ठेवून त्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या आणि स्पष्ट विचारा: दोन्ही वाहिन्यांचे उगम आणि त्यांचा मार्ग पाहिला का?