मॉरिशसची चरबी आणि आत्याचं निरांजन

गेल्या आठवड्यात चिपळूणला आत्याकडे गेले, तर देवापुढच्या निरांजनात तेल. तुपाची बरणी ओट्याखाली ढकललेली. आणि मॉरिशसहून आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने दिलेला बिस्किटांचा डबा मागच्या दारी कचऱ्याच्या बादलीत, सीलही न तोडलेला. "अगं, चरबी असते त्यात. तुला मेसेज नाही आला?"

आला होता. चार ग्रुपांवर आला होता. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॉरिशससारख्या चिमुकल्या देशात जनावरांच्या कच्च्या चरबीचं उत्पादन म्हणे अनेक पटींनी वाढलंय, आणि संयुक्त राष्ट्रांचा तक्ता त्याला पुरावा आहे. एवढी चरबी तिथे कोण खाणार? म्हणजे २०२१ च्या व्यापार करारातून ती भारतात येते आणि आपल्या तुपात जाते. शेवटी, "या धंद्यात तिथले आपलेच मराठी लोक आहेत." मेसेजच्या तळाशी, चढत गेलेल्या आकड्यांची एक लाल रेघ.

आधी आयातीचं बोलू, कारण तिथेच हा मेसेज संपतो. भारताच्या आयात धोरणात प्रत्येक मालाला क्रमांक असतो; त्यातली शीर्षकं १५०१ आणि १५०२ उघडून बघा. डुक्कर, गाय-बैल, शेळी-मेंढी यांची चरबी, कच्ची असो वा वितळवलेली, तिच्यापुढे 'प्रतिबंधित' असा शेरा आहे. 'परवान्याने' नाही, 'शुल्क भरून' नाही. आणायचीच नाही. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर पेटलं होतं, आत्याच्या पिढीला ते चांगलं आठवतं. चरबीच्या आयातीचे दरवाजे त्या प्रकरणाने बंद केले. मॉरिशसबरोबरचा करार १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला हे खरं. पण कराराने शुल्क कमी होतं, बंदी उठत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्या कराराच्या सवलतीच्या यादीत मॉरिशसचा साबण आहे, बिस्किटंही आहेत. साबणात जनावराची चरबी असू शकते, जगभर असते. वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' लिहिलेलं दिसलं तर समजावं. ज्याला नको त्याने घेऊ नये, तो त्याचा हक्क आहे. तुपात भेसळ होते हेही खरंच आहे, पण ती करणारे इथेच बसलेत. त्यांना पकडायला अन्न व औषध प्रशासन आहे, प्रयोगशाळा आहेत. मॉरिशसकडे बोट दाखवून त्यातलं काहीच साधत नाही.

आता ती लाल रेघ. राग खरा तिचाच आला, कारण आकडा दिसला की शिकलेली माणसंही मान डोलावतात.

कच्ची चरबी म्हणजे काय? बोकड सोलताना गुर्द्याभोवती पडद्यात गुंडाळलेला पांढरा गोळा निघतो, ती. तिच्यात पाणी असतं, मांसाचे धागे असतात, उन्हात ठेवली तर तिला लगेच वास येतो. तिला वितळवून, गाळून जे घट्ट होतं ते टॅलो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात जी 'कच्ची चरबी' दिसते, ती बहुतेक वेळा कुणी काट्यावर तोललेली नसते. किती जनावरं कापली गेली त्यावरून एका जनावरामागे इतकी, असा हिशेब मांडलेला असतो. तसं ते लपवतही नाहीत. आकड्याशेजारी 'अंदाजित' असल्याची खूण असते. मेसेजवाल्याने ती कापून टाकली.

शिवाय त्या हिशेबात जनावर कुठे जन्मलं हे बघत नाहीत, कुठे कापलं गेलं ते बघतात. मॉरिशस हे उसाचं बेट. पूर्वी घरोघरी एखादी गाय असे, उसाचं वाडं खाऊन जगे. आता गुरं काही हजारांवर आली आहेत. कापायची जनावरं त्यांच्याच रॉड्रिग्स बेटावरून आणि दक्षिण आफ्रिकेहून जिवंत आणतात. ती रोश-ब्वाच्या कत्तलखान्यात कापली की चरबीचं 'उत्पादन' मॉरिशसच्या नावावर चढतं. २००७ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवरने डुकरं गेली, २०१६ मध्ये लाळ्या-खुरकताने गुरं गेली. अशा पडझडीनंतर कळप पुन्हा भरायला लागले की रेघ वर जाणारच.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याच संघटनेच्या अन्न ताळेबंदाचे, म्हणजे देशात किती अन्न तयार झालं, आलं, गेलं या हिशेबाचे, जुन्या पद्धतीचे आकडे २०१३ पर्यंत आहेत, नव्या पद्धतीचे २०१० पासून पुढचे. दोन्हींचा हिशेब वेगळा. ते एकाच रेघेत शिवायचे नसतात, यांनी शिवले. शिवाय उभ्या अक्षावरची मापं पुसली. ताळेबंदात मोजणी हजार टनांत असते. एवढ्या लहान देशात एकाचे दोन झाले तरी रेघ दुप्पट उंच दिसते.

आकाराचं तर बोलायलाच नको. अख्खा मॉरिशस आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्श्याएवढा, माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. स्वतःला लागणारं दूधही बहुतेक पावडरीच्या रूपात बाहेरून आणणारा देश. भारताचं २०२३-२४ मधलं दूध २३ कोटी ९३ लाख टन. एवढ्या दुधाच्या देशातलं तूप तो कसं नासवणार?

राहिले "आपलेच मराठी लोक". एकोणिसाव्या शतकात याच कोकणातून गिरमिटिया म्हणून गेलेल्यांचे ते वंशज. उसाच्या मळ्यात राबले, देव सोडले नाहीत, भाषा जमेल तशी टिकवली. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तिथल्या बाजारात कोंबडी जास्त चालते, त्याचं एक कारण हेच की पुष्कळ हिंदू गोमांसाला शिवत नाहीत. अशा माणसांवर एका ओळीत, एकही पुरावा न देता हा आळ? आत्याकडचे पाहुणे पणजोबांचं गाव शोधत आले होते. त्यांनी आणलेला डबा त्यांच्या डोळ्यांदेखत उघडला गेला नाही, आणि का, ते त्यांना कुणी सांगितलंही नाही.

डबा मी बादलीतून काढला, पुसला आणि घटकांची यादी आत्याला मोठ्याने वाचून दाखवली. मैदा, साखर, वनस्पती तेल, मीठ. तिने चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचली. संध्याकाळी ओट्याखालची बरणी वर आली. पाहुणे अजून रत्नागिरीतच होते. "नंबर लाव त्यांचा," आत्या म्हणाली, "मीच बोलते."