‘चांगल्या घरची मुले’ आणि लग्नाआधीची एचआयव्ही चाचणी

लग्नसराई जवळ आली की एक संदेश व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो, आणि यंदा तो आमच्या गोव्यातल्या, फोंड्याच्या नातेवाइकांच्या गटात तीनदा आला. त्याचा आशय असा : चांगल्या घरातल्या मुलामुलींना लग्नाआधी एचआयव्हीची चाचणी करायला सांगणे हा त्यांचा अपमान आहे, पत्रिका जुळली, देवाने उजवा प्रसाद म्हणजे होकाराचा कौल दिला, की आणखी काय हवे, चाचणीचा अहवाल तरी कुठे खात्रीचा असतो, आणि चुकून तो पॉझिटिव्ह आला तर ठरलेले लग्न मोडेल, गावभर बोभाटा होईल, त्यापेक्षा न कळलेलेच बरे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझी सख्खी मावशी आहे आणि तिच्या मनात वाईट काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्यातल्या एकेका मुद्द्याला नीट उत्तर द्यावेसे वाटते.

पहिला मुद्दा अपमानाचा. एचआयव्ही हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून किंवा सुईतून आणि बाधित आईकडून बाळाला होतो. घराणे, शिक्षण, पगार यांची तो चौकशी करत नाही. उपचार नसतील तर तो अनेक वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो, त्यामुळे ज्याला लागण झाली आहे त्याला स्वतःलाही अनेकदा त्याचा पत्ता नसतो. आपल्या देशात असंख्य स्त्रियांना हा संसर्ग केवळ नवऱ्याकडून झाला, आणि त्याही सगळ्या चांगल्या घरातल्याच लेकी-सुना होत्या. आमच्याकडे दबक्या आवाजात असेही म्हटले जाते की, बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलांनी तेवढी चाचणी करून घ्यावी. हे मला संदेशाइतकेच चुकीचे वाटते. एकाच पक्षाकडे, एखाद्या व्यवसायाच्या माणसाकडे किंवा फक्त मुलीकडे अहवाल मागितला, तर तो संशय ठरतो आणि अपमानही होतो. दोघांनी मिळून जायचे ठरवले, तर कुणी कुणावर बोट ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रसादाविषयी थोडेच बोलते, कारण मीही देवळात प्रसाद लावल्याशिवाय मोठे काम हाती घेत नाही. देवाकडे आपण अनुमती मागतो. मधुमेह आहे की नाही, हे पाहण्यासाठी मात्र आपण रक्तच तपासतो, आणि त्यात देवाचा अनादर झाला असे कुणी मानत नाही.

अहवाल खात्रीचा नसतो, या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसेपर्यंत मध्ये काही काळ जातो. नेहमीच्या प्रतिपिंड (अँटिबॉडी) चाचणीसाठी तो साधारण 23 ते 90 दिवसांचा धरतात. म्हणजे गेल्या महिन्यात संसर्ग झालेल्या माणसाचा आजचा अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. पण यावरून चाचणी निरुपयोगी ठरत नाही. उलट, तिच्याबरोबर समुपदेशन आवश्यक ठरते. गेल्या तीन महिन्यांत काही जोखीम घडली होती का, हे समुपदेशक एकांतात विचारतो आणि तशी जोखीम असेल तर पुन्हा यायची तारीख देतो. दुसरीकडे, आपल्याकडे एका चाचणीवरून कुणालाही बाधित ठरवत नाहीत. वेगवेगळ्या तीन चाचण्यांचा निष्कर्ष जुळल्यावरच तसे सांगितले जाते. ज्यांना नुसता कागद हवा असतो आणि बोलणे टाळायचे असते, त्यांच्या हाती खरोखरच अर्धवट माहिती पडते. निगेटिव्ह अहवाल म्हणजे चारित्र्याचा दाखलाही नव्हे आणि पुढच्या आयुष्याची हमीही नव्हे; तो त्या दिवसापर्यंतची परिस्थिती सांगतो.

आता ज्याची सर्वांत जास्त भीती आहे तो मुद्दा : पॉझिटिव्ह आला तर सगळे संपले. हे वाक्य तीस वर्षांपूर्वी खरे वाटण्यासारखे होते. भारतात सरकारी केंद्रांतून 2004 पासून मोफत औषधे मिळू लागली आणि 2017 पासून निदान होताच, रक्तातील रोगप्रतिकारक पेशींचा आकडा खाली येण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ‘पार्टनर’ या अभ्यासात एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशी 888 जोडपी होती. निरोधाशिवायच्या सुमारे 58,000 संबंधांनंतर उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झालेली आढळली नाही. बाळाचेही तसेच आहे. काहीच उपाय केले नाहीत तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण 15 ते 45 टक्के असते. वेळेवर औषधे मिळाली तर ते 5 टक्क्यांच्या खाली येते. हे सगळे कळल्यानंतरही एखादे लग्न मोडेल, हे मी नाकारत नाही. पण तो निर्णय सगळे ठाऊक असलेल्या दोघांचा असेल. न कळता झालेल्या लग्नात पहिली बातमी बहुधा बाळंतपणाच्या तपासणीत कळते, आणि तोवर तिघांचा प्रश्न झालेला असतो.

बोभाट्याची भीती मात्र गोव्यात तरी मी हसण्यावारी नेणार नाही. रक्तदानानंतर एचआयव्ही असल्याचे आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला 1989 मध्ये पोलिसांनी पकडून नेले आणि म्हापशातील क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात 64 दिवस कोंडून ठेवले, कारण तेव्हाच्या आपल्या राज्याच्या कायद्यात बाधित व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. सुटल्यावर त्याने इतरांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि 1992 मध्ये तो गेला. ज्यांच्या डोळ्यांसमोर हे घडले त्यांना चाचणीची धास्ती वाटली तर नवल नाही.

आज कायदा उलट बाजूने उभा आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही आपली स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. माझ्या पुतणीबरोबर मी एका चाचणी केंद्रात गेले होते. दारातच समुपदेशक बाई म्हणाल्या, “काकी, तुम्ही बाहेर बसा.” मी दुखावले, पण बसले. त्यांनी आधी तिला एकटीला आत घेतले, मग तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, आणि अहवाल एकत्र ऐकायचा का, हे दोघांना वेगवेगळे विचारून मगच दोघांना समोरासमोर बसवले. अहवालात काय होते, हे मला त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

याच कायद्यात एक बारकावा आहे, आणि तो लग्न ठरलेल्यांनी लक्षात घ्यावा. बाधित व्यक्ती स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाल्यास डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटींवर तिच्या जोडीदाराला ते सांगू शकतो. पण जोडीदाराच्या व्याख्येत पती-पत्नी किंवा लग्नासारख्या नात्यातली व्यक्ती येते, साखरपुडा झालेल्यांचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे दुसऱ्याच्या तब्येतीची माहिती डॉक्टरकडून आपोआप मिळेल, या भरवशावर राहता येत नाही. दोघांनी बरोबर जाणे हाच सरळ मार्ग.

‘मग सरकारने सक्तीच करावी,’ असे यावर काही जण म्हणतात. 2019 मध्ये गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी विवाह नोंदणीपूर्वी ही चाचणी अनिवार्य करण्याचा विचार मांडलाही होता. हेतू चांगला असला तरी मला तो मार्ग पटत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने 1988 मध्ये अशी सक्ती केली. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे 70,000 जणांच्या चाचण्यांतून 8 बाधित सापडले, कित्येक जोडप्यांनी शेजारच्या राज्यात जाऊन लग्न उरकले आणि पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. आपल्याला तर महाराष्ट्राच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की झाले.

केंद्रे दूर नाहीत. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये या ठिकाणी चाचणी व समुपदेशन मोफत होते, आणि 1097 या क्रमांकावर फुकट फोन करून आधी शंका विचारता येतात. गोव्यात लग्नाच्या नोंदणीसाठी दोनदा सह्या कराव्या लागतात; नोंदणी कार्यालयातली पहिली सही बऱ्याचदा हॉल ठरवण्याच्या धांदलीतच उरकली जाते, आणि पहिली व दुसरी सही यांच्यामधले थोडे दिवस यासाठी पुरत नाहीत. पहिल्या सहीच्या निदान तीन महिने आधी एकदा जाऊन यावे, म्हणजे गरज पडलीच तर दुसऱ्या चाचणीलाही वेळ राहतो.