पावाच्या लादीवर टिप कशाची?

न्यू जर्सीतल्या आमच्या वस्तीतल्या जुन्या डायनरमध्ये, म्हणजे साध्या अमेरिकी उपाहारगृहात, मी कित्येक वर्षे दर रविवारी सकाळी जातो. लाल रेक्झिनची बाकडी, जाड पांढरे कप, कप रिकामा होण्याआधीच कॉफी ओतणाऱ्या वयस्क बाई आणि काचेच्या फिरत्या कपाटातला लेमन मेरँग पाय, म्हणजे वर फेटलेल्या अंड्याचा भाजका फेस असलेला लिंबाचा गोड पदार्थ, ज्याच्या तपकिरी टोकांवर साखरेचे मधाळ थेंब जमलेले असतात, हे सारे मला मनापासून प्रिय आहे. त्या बाईंसाठी टेबलावर २० टक्के टिप मी आनंदाने ठेवतो.

पण तिथल्याच बेकरीच्या गल्ल्यावर राय (एक धान्य) पावाची एक लादी घेतली, की पैसे भरायचा टॅब्लेट गर्रकन माझ्याकडे वळवला जातो, त्यावर १८, २० आणि २५ टक्क्यांचे ठळक चौकोन उमटतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. पाव मी उचलला, पिशवीत मी भरला, मग ही टिप कोणत्या सेवेची? नकाराचे बटण कोपऱ्यात इतक्या बारीक अक्षरांत का? टक्के करासह रकमेवर का मोजायचे?

टिप मिळणाऱ्या कामगारांचे केंद्रीय किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकले आहे. अनेक राज्यांनी आपल्यापुरते ते वाढवले आहे, तरी पगाराचा भार गिऱ्हाइकावर ढकलण्याची खोड सुटत नाही. मालकाने पावाची किंमत वाढवून ती सरळ पाटीवर लिहावी, मी तेवढे पैसे देईन. मागे रांग ताटकळत असताना आणि गल्ल्यावरची कोवळी मुलगी ओशाळून नजर खाली वळवत असताना मला दर रविवारी तिच्यासमोर का उभे करता?