दुकान कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून

तुम्ही लातूरला, जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नवा व्यवसाय सुरू करण्याच्या बेतात असाल, तर एव्हाना कोणीतरी तुम्हाला गाठून सांगितलेच असेल की आजच्या बाजारात टिकायचे तर ब्रँड ठसठशीत हवा, त्यात थोडी जोखीम हवी, चार लोकांनी नाके मुरडली तरी चालेल, पण पाचव्याच्या तो लक्षात राहिला पाहिजे. हा सल्ला मुळीच ऐकू नका. लक्षात राहिलेल्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा येते, पुन्हा आलेले गिऱ्हाईक पाहुण्यारावळ्यांना घेऊन येते, आणि मग मालकाला दुपारची झोप मिळत नाही. ज्यांना ती झोप प्रिय आहे, त्यांच्यासाठीच हे मार्गदर्शन आहे.

सुरुवात नावापासून करावी. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी कोणत्याही रस्त्यावर एक चक्कर मारा आणि ज्या नावाची पाटी सर्वांत जास्त वेळा दिसेल, ते नाव निर्धास्तपणे निवडा. देवाचे किंवा संताचे नाव मिळाले तर उत्तमच, कारण त्यावर कोणी आक्षेप घेत नाही आणि त्यावरून कोणाला तुमचे दुकानही सापडत नाही. 'माऊली'तून वह्या आणायला पाठवलेले लेकरू दुसऱ्याच 'माऊली'त जाऊन खताचा भाव विचारून येते, यात माऊलींचा काही दोष नाही, हे मात्र इथे नमूद केले पाहिजे. देवाचे नाव नको असेल तर मालाचेच नाव दुकानाला द्यावे. 'शुद्ध घाण्याचे तेल' या नावात काय वाईट आहे? त्याचा कायदेशीर लाभही मोठा आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, दर्जा किंवा उपयोग एवढेच सांगणारे शब्द सहसा नोंदवून मिळत नाहीत. त्यामुळे दर दहा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करण्याची कटकट तुमच्यामागे लागत नाही, आणि समोरच्या गाळ्यात 'न्यू शुद्ध घाण्याचे तेल' उघडले तरी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, कारण चढून फारसा उपयोग नसतो. याउलट ज्या शब्दाचा मालाशी काडीचाही संबंध नाही, असा विक्षिप्त शब्द निवडणाऱ्याला हाच कायदा भक्कम संरक्षण देतो. धाडसी लोकांना सरकारचीही अशी फूस असल्यावर सामान्य माणसाने दाद कोणाकडे मागावी?

उद्घाटनाच्या फ्लेक्सबाबत आपल्या भागाला काही शिकवण्याची गरज नाही. वरच्या बाजूला आराध्य दैवत, त्याखाली ज्येष्ठ नेते, त्यांच्याखाली उगवते नेते, दोन्ही बाजूंना गॉगल लावलेले शुभेच्छुक, तळाशी दाजी, मेव्हणे आणि मित्रमंडळ, आणि एवढ्यातून जी वीतभर जागा उरेल तिथे दुकानाचे नाव, ही मांडणी आता परिपूर्णतेला पोहोचली आहे. दुकान कशाचे आहे हे त्यात बसले नाही तरी हरकत नाही, शुभेच्छुकांपैकी एखादा विचारल्यावर सांगेल. रंग मात्र शेजाऱ्याचा पाहूनच ठरवावा. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली गुजरातेत निरमा सायकलवरून घरोघर विकायला सुरुवात केली, तेव्हा बाजारात नावाजलेली धुण्याची पावडर निळी होती आणि यांची पिवळी. त्या पिवळ्या पावडरीने पुढे बलाढ्य परदेशी कंपनीला घाम फोडला. किंमत कमी होती हे खरेच, पण स्वस्त माल निळ्या रंगातच विकला असता, तर तो निळ्याची नक्कल म्हणून गप्प पडून राहिला असता आणि कोणालाच त्रास झाला नसता.

ही शिस्त कोणी पाळली असेल, तर ती बियाण्यांच्या बाजाराने. जालन्यात १९६४ साली महिकोची स्थापना झाली आणि ते गाव पुढे बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. आज कोणत्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीकडे पाहा: हिरवे शेत, निळे आभाळ, टपोरे बोंड, फेटा बांधलेला हसरा शेतकरी, आणि शेजारच्या पिशवीवर त्याचा तितकाच हसरा भाऊ. मृगाचा पाऊस पडल्यावर घाईघाईने आलेल्या माणसाला त्यातून काही वेगळे ओळखू येत नाही, मग तो काउंटरवरच्या माणसाला 'तुम्हीच सांगा' म्हणतो, आणि तो माणूस ज्या पिशवीवर कमिशन जास्त तीच पिशवी पुढे सरकवतो. म्हणजे चेहरा नसलेल्या ब्रँडचे भवितव्य कंपनीच्या हाती राहत नाही, शेतकऱ्याच्याही हाती राहत नाही. दर हंगामाला कमिशन वाढवत नेले की झाले. पिशवीच्या चित्रावर डोके चालवण्यापेक्षा हा मार्ग महाग पडतो, परंतु त्यात विचार करावा लागत नाही.

यामागचे शास्त्रही माहीत असावे, म्हणजे चूक होणार नाही. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली दाखवून दिले की एकसारख्या गोष्टींच्या यादीत एखादी वेगळी गोष्ट घातली, तर नेमकी तीच अधिक लक्षात राहते. तेव्हा यादीत वेगळे पडायचे नाही. शिवाय वेगळेपणासाठी फार पैसा लागतो, ही समजूतही मनात घट्ट धरून ठेवावी, कारण ती सुटली तर पुढची उदाहरणे धोकादायक ठरतात. १९५९ मध्ये अमेरिकेत लांबरुंद गाड्यांची चढाओढ चालू असताना फोक्सवॅगनने जवळजवळ कोऱ्या पानावर कोपऱ्यात एक इवलीशी गाडी छापली आणि लोकांना छोटा विचार करा असे सांगितले. १९६२ मध्ये एव्हिस या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीने आपण या धंद्यात दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त कष्ट घेतो, अशी उघड कबुलीच जाहिरातीत दिली आणि वर्षानुवर्षे तोट्यात असलेली ती कंपनी नफ्यात आली. यांपैकी कोणीही आवाज चढवला नव्हता. जी गोष्ट बाकीच्यांनी लपवली असती, तीच यांनी दर्शनी भागात मांडली. धाडस म्हणतात ते हेच असावे, अशी शंका मला कधीकधी येते, पण तुम्ही ती मनात येऊ देऊ नका.

तुम्ही धाडसाचा अर्थ मोठा आवाज असाच घ्या. शेजाऱ्याचा फ्लेक्स दहा फुटांचा असेल तर तुमचा वीस फुटांचा लावा, त्याने एक डीजे आणला तर तुम्ही दोन आणा, 'भव्य' च्या पुढे 'अतिभव्य' आणि त्यापुढे 'महाभव्य' लिहा. एवढे करूनही तुम्ही इतरांसारखेच दिसता, हीच या उपायाची खुबी आहे. समाजमाध्यमांवर मात्र फक्त सणांच्या शुभेच्छा द्याव्यात. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून चालू घडामोडींवर टोमणे मारत आली आहे, त्यातून वादही ओढवून घेते आणि तरीही लोणी खपते. असले धोके आपल्याला परवडणारे नाहीत. आपण दिवा, रांगोळी आणि कोपऱ्यात लोगो एवढ्यावर थांबावे. तेच चित्र जिल्ह्यातल्या सर्व दुकानांनी टाकलेले असल्यामुळे गैरसमजाला जागा उरत नाही.

इतके करूनही डिझायनरने एखादे चमकदार चित्र काढून आणलेच, तर ते घरात सर्वांना दाखवावे. काकांना अक्षर बारीक वाटेल, दाजींना रंग भडक वाटेल, सीए साहेब सावधगिरीचा इशारा देतील, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी जुन्याच पाटीचा फोटो टाकून 'हेच छान होते' असे लिहील. प्रत्येकाचे म्हणणे थोडेथोडे ऐकत गेले की चित्रातली नजरेला खटकणारी आणि म्हणूनच नजरेत भरणारी प्रत्येक गोष्ट गळून पडते. वडीलधाऱ्यांचा शब्द ओलांडला की काय होते, ते पाहायला दूर जायला नको. वाळूजला ज्यांचा मोठा कारखाना आहे, त्या बजाज ऑटोने २००९ च्या डिसेंबरात स्कूटर बंद करून मोटारसायकलींवरच लक्ष देणार असल्याचे जाहीर केले. ज्या स्कूटरने घराघरांत नाव पोहोचवले तीच टाकून द्यायची, हे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष राहुल बजाज यांना रुचले नाही आणि आपल्याला वाईट वाटल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितलेही. कारभार पाहणाऱ्या चिरंजीवांनी, राजीव बजाज यांनी, मात्र निर्णय फिरवला नाही, आणि कंपनी मोटारसायकलींच्या जोरावर जगभर पोहोचली. दहा वर्षांनी चेतक विजेवर चालून परत आली, तेवढाच भाग दाजींना सांगावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण मराठवाड्यातले आहोत, हे गिऱ्हाइकाला शक्यतो कळू देऊ नये. हॉटेल काढाल तर पाटीवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, मालवणी आणि कोल्हापुरी एवढे अवश्य लिहा. नान खलियासाठी लोक ज्या शहराचे नाव घेतात, त्या शहरात असाल तरी तो शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत टाका. निलंगा राईस निलंग्याच्या गाड्यावरच खावा. वेळा अमावस्येची भज्जी आणि आंबील वर्षातून एकदा शेतात, कडब्याच्या खोपीत बसून खायची गोष्ट आहे. तिच्यावर हॉटेल उभे करण्याचा विचार एखाद्याच्या मनात आला, तर 'रोज कोण खाणार' हा प्रश्न विचारून त्याला तिथेच थांबवावे. सगळ्यांसाठी सगळे ठेवले की कोणीही नाराज होत नाही, आणि खास तुमच्याकडेच यावे असे कोणाला वाटतही नाही.

शेतमालाचे तर विचारूच नका. जालन्याच्या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला, मराठवाड्याच्या केशर आंब्याला आणि पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे नाव अधिकृतपणे वापरायचे तर वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, प्रतवारी सांभाळावी लागते आणि आपला माल खरोखरच तसा आहे याची जबाबदारी घ्यावी लागते. शेवटची अट सर्वांत जाचक आहे, कारण बिननावाच्या क्रेटमध्ये बारकी फळे खाली आणि मोठी वर भरता येतात, पण क्रेटवर गावाचे नाव छापले की खालचे फळही उत्तर मागते. ठसठशीत ब्रँड हा असा स्वतःच्याच गळ्यात घालून घेतलेला पट्टा असतो. म्हणून मोसंबी बिननावाची पाठवा, व्यापारी जो भाव देईल तो घ्या, आणि संध्याकाळी मोंढ्यात बसून आपल्या मालाला किंमत नाही अशी तक्रार करा.

एका तरुणाच्या डोक्यात कसली कल्पना येऊ शकते, याचा एक काल्पनिक नमुना सावधगिरीसाठी देतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे देशाने पाहिले. समजा, हा तरुण तूरडाळीच्या पाकिटावर पाणी वाहणाऱ्या रेल्वे वाघिणीचे चित्र छापतो आणि खाली लिहितो, 'या गावाला रेल्वेने पाणी आले होते. ही डाळ पावसाच्या भरवशावर पिकली आहे.' पुण्यातली गृहिणी फळीसमोर क्षणभर थांबेल, पाकीट उलटून मागचा मजकूर वाचेल, कदाचित घेईलही, आणि डाळ चांगली शिजली तर पुढच्या महिन्यात तेच चित्र शोधेल. परंतु गावाची बदनामी झाली त्याचे काय? दुष्काळ हा अनुदानाच्या अर्जात लिहायचा विषय आहे, पाकिटावर लिहायचा नव्हे. पाकिटावर हिरवेगार शेत आणि मधोमध कारंजे दाखवावे.

या संपूर्ण विवेचनाला परभणीमुळे बाधा येते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही घोषणा कोणी लिहिली, कोणत्या कंपनीने मंजूर केली, तिचा अर्थ नक्की काय, हे काही कळत नाही. तिला पुरावा नाही, तर्क नाही, आणि दाजींची संमती तर नाहीच नाही. तरीही कृषी विद्यापीठ तिथे १९७२ पासून आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाही ही ओळ पाठ असते. असा आगाऊपणा एखाद्या मसालेवाल्याने केला असता, तर आपण त्याला वेळीच समज दिली असती. सबंध जिल्ह्याला कोण देणार?

तरीही कोणी हट्टाला पेटलाच, तर त्याला १९८५ ची कोकाकोलाची गोष्ट सांगा. कंपनीने जुनी चव बदलून नवी आणली, लोक खवळले आणि ७९ दिवसांत जुनी चव परत आणण्याची पाळी आली. गोष्ट इथेच थांबवायची. त्या गोंधळानंतर जुन्या कोकची विक्री उलट वाढली, हा पुढचा भाग वगळावा. टाटांची नॅनोही कामी येते: सर्वांत स्वस्त गाडी असा तिचा डंका वाजला आणि लोकांना स्वस्त गाडीत बसलेले दिसण्याची लाज वाटली. धाडस फसले ते गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हे न ओळखल्यामुळे, असे ऐकणारा म्हणेल. तेव्हा चहा मागवावा.

एवढे सगळे सांभाळूनही शेजारी कोणीतरी विक्षिप्त नावाचे, जांभळ्या पाटीचे, एकच पदार्थ विकणारे दुकान उघडेलच. सुरुवातीला त्याला वेडा म्हणावे, सहा महिन्यांनी नशीबवान म्हणावे, आणि वर्षभराने आपलीही पाटी जांभळी करून घ्यावी. त्यानंतर काही लोक चुकून तुमच्या पायरीवर येतील आणि 'ते दुकान हेच का?' असे विचारतील. त्यांना पत्ता अगदी नीट सांगा, डावीकडून तिसरा गाळा, जिथे रांग लागलेली आहे तोच.