‘नक्की खेळणार’ म्हणताना

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. भाचा चौदा वर्षांचा. डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलला किटबॅग घेऊन लगेजच्या डब्यात चढतो, दादरला उतरून शिवाजी पार्कात नेटला जातो आणि तिथून धावतपळत शाळा गाठतो. आता क्रिकेटच्या सरांनी सुचवलंय की शाळा सोडा, दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देऊ दे, पोराला पूर्ण वेळ मैदानावर राहू दे. ‘‘सर म्हणतात, नक्की खेळणार. तुला काय वाटतं?’’

घरात दोन तट पडलेत. भावोजी शाळेच्या बाजूने, आजोबा सरांच्या बाजूने. आयपीएलमध्ये वैभव सूर्यवंशीने चौदाव्या वर्षी ३५ चेंडूंत शतक ठोकल्यापासून आजोबांची बाजू आणखी भक्कम झालीये. मी इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये. क्रिकेट माझ्या रक्तात असलं तरी ‘नक्की’ या शब्दाची भीती मला बसली ती बेसबॉलमुळे, आणि तीही एका कॉम्प्युटर गेममुळे.

‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा गेम १९९९ पासून निघतो. यात बॅट हातात घ्यायची नसते, तुम्ही क्लब चालवता. प्रत्येक खेळाडूला २० ते ८० च्या मापावर गुण असतात. खरे स्काउट, म्हणजे क्लबसाठी नवे खेळाडू हेरणारे, हेच माप वापरतात. आजचे गुण वेगळे, पुढे कुठवर जाईल याचे वेगळे. पण हे आकडे म्हणजे तुमच्या स्काउटचं मत असतं. स्काउट कच्चा असेल, त्याच्यावर पैसे कमी खर्च केले असतील, तर आकडा चुकतो. आणि बरोबर असला तरी पोरगा बदलतो. कोणी अचानक बहरतो, कोणी कोमेजतो.

एकदा अठरा वर्षांचा एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, समोर आला. माझ्या स्काउटने त्याची झेप ७० लिहिली. गेममधली दुसरी संस्था, जी सगळ्यांना सारखंच मत देते, ती ५० म्हणाली. मला ७० दिसलं, ५० दिसलंच नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तिथे, पहिल्या फेरीत उचलला. दोन वर्षं पोरगा सुरेख वाढला, मग खांदा गेला. परतला तेव्हा आकडा ४० वर होता. दोन जाणकारांत वीस गुणांचं अंतर होतं, आणि त्या पोराबद्दलची सगळ्यात खरी माहिती त्या अंतरातच होती: त्याला अजून कोणीच नीट ओळखलेलं नव्हतं.

खऱ्या बेसबॉलमध्ये हेच घडलंय. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क यांकीजनी पहिल्याच क्रमांकाला ब्रायन टेलर हा पिचर घेतला, याच नॉर्थ कॅरोलिनातला. मारामारीत खांदा दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्पर्धेत, एकदाही उतरला नाही. उलट १९८८ मध्ये माइक पियाझाला ६२ व्या फेरीत, १३९० वा घेतलं होतं, तेही ओळखीपाळखीतून. तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला.

१९८८ म्हटलं की आपल्याला आझाद मैदान आठवतं. ६६४ ची भागी, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. त्या दिवशी मोठा आकडा विनोदचा होता. पुढे सचिन २०० कसोटी खेळला, विनोद १७. आणि पॅड बांधून बसून राहिलेला अमोल मुजुमदार प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताकडून एकही सामना खेळला नाही. एकच शाळा, एकच संघ. त्या संध्याकाळी या तिघांपैकी कोण किती जाईल, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं असतं का?

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. माझा पिचर गेला तेव्हा मी हळहळलो आणि पुढच्या ड्राफ्टला लागलो. क्लबकडे वीस फेऱ्या असतात. एकोणीस पोरं फुकट गेली तरी क्लब उभा राहतो. ताईकडे एकच मुलगा आहे. क्लबला परवडणारा डाव डोंबिवलीच्या वन बीएचकेला परवडत नाही, आणि आपल्या वादात हे कोणी बोलतच नाही. गुणवत्ता आहे की नाही, यावर तासन्‌तास भांडण. पडलं तर भार कोण उचलणार, यावर अवाक्षर नाही.

जुन्या मुंबईने हा भार उचलला होता. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉन कंपनीत. टाइम्स शील्ड ही कंपन्यांच्या संघांची स्पर्धा खेळणाऱ्या कितीतरी पोरांना भारताची टोपी मिळाली नाही, पण पगार मिळाला, घर चाललं. त्या नोकऱ्या आटल्या आणि जोखीम गुपचूप आईबापांच्या खिशात सरकली.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरची, पोरं वर्षानुवर्षं हलाखीत खेळली. २०२३ च्या करारानंतर कुठे सगळ्यात वरच्या पायरीचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तर सोळाव्या वर्षी करार होतात आणि त्यापायी कितीतरी पोरं शाळेला मुकतात. पण अमेरिकन पोराला हायस्कूल पुरं केल्याशिवाय ड्राफ्टमध्ये घेता येत नाही. कॉलेज सोडून करार केला, तर पुढच्या शिक्षणाचा खर्च करारात घालून घेता येतो. म्हणजे त्याला निवडणाराच थोडा भार उचलतो.

मी ताईला म्हटलं, शाळा सोडवू नकोस. लोकलची दगदग कमी करायला दादरला खोली बघा, मी पैसे पाठवतो. आणि सरांना एकच विचार, भांडायला म्हणून नको, मनापासून विचार: गेल्या दहा वर्षांत तुम्ही ज्यांना ‘नक्की खेळणार’ म्हणालात, ती मुलं किती, आणि आज ती काय करतात?

ताई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘शनिवारी मॅच आहे. संपली की विचारते.’’