‘थोडीशी’ वाइन बाळासाठी थोडीशी नसते

‘गरोदरपणात रोज अर्धा ग्लास रेड वाइन घ्या, रक्त वाढतं. वाइन म्हणजे दारू नव्हे. फ्रान्समधल्या बायका घेतातच. तिसऱ्या महिन्यानंतर तर काहीच धोका नाही. माझ्या बहिणीने घेतली, मुलगा ठणठणीत आहे. घाबरू नका.’ हा मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या. समोरच्या ब्लॉकमधली सून, पाचवा महिना लागलेली, फोन घेऊन दारात उभी राहिली. “काकू, खरंय का हो हे?” तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य 2022 मध्ये सुपरमार्केटातल्या वाइनविक्रीवरून वाद पेटला तेव्हा आपल्या राज्यात फार गाजलं. विक्रीच्या धोरणात त्याला काय अर्थ असेल तो असो, पोटातल्या बाळासाठी काहीच नाही. 150 मिली वाइनमध्ये साधारण 14 ग्रॅम अल्कोहोल असतो, व्हिस्कीच्या 30 मिली पेगमध्ये साधारण 10. दक्षिण आफ्रिकेतला वेस्टर्न केप हा द्राक्षमळ्यांचाच मुलूख. तिथे मजुरांना मजुरीपोटी वाइन द्यायची प्रथा पिढ्यानपिढ्या चालली. गर्भातच अल्कोहोलने इजा झालेल्या मुलांचं जगात सर्वांत जास्त प्रमाण जिथे नोंदलं गेलंय, त्यात हा भाग येतो.

रक्त वाढतं म्हणे! लाल रंग द्राक्षाच्या सालीचा असतो. रक्तासाठी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आणि फ्रान्सचं नाव तर घ्यायलाच नको होतं. नाँत शहरातले डॉक्टर पॉल लमॉइन यांनी 1968 मध्ये, दारू पिणाऱ्या आईबापांच्या 127 मुलांमधल्या अशाच इजांची निरीक्षणं मांडली, ती तिथेच. 2007 पासून फ्रान्समध्ये दारूच्या बाटलीवर, वाइनच्यासुद्धा, गरोदर बाईचं फुली मारलेलं चित्र किंवा लेखी इशारा सक्तीचा आहे.

तिसऱ्या महिन्याचं म्हणणं मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते अर्धवट खरं वाटतं. चेहरा घडतो सुरुवातीच्या आठवड्यांत. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ या खुणा तेव्हाच्या. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारा गर्भाशयातला अवयव, अल्कोहोल गाळत नाही. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या रक्ताइतकं होतं, आणि ते पचवायला बाळाचं यकृत अजून तयार नसतं. बाळाच्या लघवीतून तो गर्भजलात उतरतो आणि तेच पाणी बाळ पुन्हा गिळतं. आईची झिंग उतरली तरी आत ते चालूच असतं. अर्धा ग्लास हे माप आईचं आहे.

बहिणीचा मुलगा ठणठणीत असेलही, आनंदच आहे. प्रत्येक बाळाला इजा होत नाही. 2017 मधल्या एका जागतिक अंदाजानुसार, गरोदरपणात पिणाऱ्या दर 67 बायकांमागे एकीच्या बाळात गर्भातल्या अल्कोहोलने होणाऱ्या इजेचं पूर्ण रूप (फीटल अल्कोहोल सिंड्रोम) दिसतं. पण ज्यांचा मेंदू दुखावतो त्यातल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. दिसतं ते शाळेत. सोमवारी हातच्याची वजाबाकी जमते, बुधवारी तीच वही पुढे ठेवली की पोर कोऱ्या नजरेने बघतं. मास्तर म्हणतात आळशी, घरचे म्हणतात हट्टी. किती घेतली तर चालते याचं सुरक्षित माप कोणालाच सापडलेलं नाही, म्हणून ब्रिटननेही 2016 मध्ये आपला सल्ला बदलून ‘अजिबात नको’ असा केला.

‘घाबरू नका’ एवढं एक मीही म्हणेन, पण ते वेगळ्या बाईला. दिवस गेल्याचं कळण्याआधी जिने एखाद्या पार्टीत घेतली, तिला. तिने आज थांबवलं तरी फायदा आहे, कितवाही महिना असो. डॉक्टरांना न लाजता सांगावं. जिला रोजची सवय आहे तिने मात्र एकटीने एकदम सोडू नये. हातपाय थरथरणं, झटके येणं असं होऊ शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि तेव्हा सोबत नवऱ्याने जावं, बाटली घरात न ठेवता.