चार इंजेक्शनं, गव्हाएवढा चुना आणि आमची मामी

काल रात्री अकराला शहापूरहून मामीचा फोन. "दादाचं ऑपरेशन कॅन्सल करूया काय रे? अमेरिकेत औषध निघालंय की." म्हणजे तो फॉरवर्ड तिथंपण पोचला. घशातल्या कोंबांवर चार इंजेक्शनं, रोग मुळासकट जातो, ऑपरेशन करू नका, डॉक्टर लपवतात, पुण्यात तीच लस स्वस्तात मिळते, तोवर रोज गव्हाएवढा चुना खा आणि पेशंटचं ताट-पेला वेगळा ठेवा.

मामेभावाला आरआरपी आहे, रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. एचपीव्ही व्हायरसच्या ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांमुळं स्वरयंत्रावर चामखिळीसारखे कोंब येतात, काढले तरी परत येतात. दुकानात पोराला हाक मारता येत नाही म्हणून दादा मीटरपट्टी काउंटरवर आपटतो. जिना चढताना श्वासाची शिट्टी वाजते. आणि ह्याचं ऑपरेशन थांबवायचं?

आता इंजेक्शन खरं आहे, ते मान्य करावंच लागतं. पॅपझिमिओस नाव, अमेरिकेच्या एफडीएनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलं, फक्त मोठ्यांसाठी. कातडीखाली चार डोस, १२ आठवड्यांत, व्हायरस असलेल्या पेशींवर शरीराची प्रतिकारशक्ती सोडायची अशी आयडिया. पण ज्या अभ्यासावर मंजुरी मिळाली त्यात पेशंट ३५, आणि ट्रीटमेंटनंतर वर्षभर ऑपरेशन लागलं नाही असे १८. निम्म्यांना एवढा फायदा ही मोठीच गोष्ट आहे, पण बाकीच्या १७ जणांचं काय ते फॉरवर्डवाल्यानं गिळलं.

आणि खरी गंमत पुढंच आहे. हे इंजेक्शन देण्याआधी दिसतील तेवढे कोंब ऑपरेशननं काढायचे, तिसऱ्या आणि चौथ्या डोसआधी परत दिसले तर परत काढायचे, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय! म्हणजे ज्या औषधाच्या नावानं ऑपरेशन बंद करा म्हणून सांगताय ते औषधच ऑपरेशन करून या म्हणतंय. मामीला हे तीनदा सांगितलं. कोंब वाढले की हवेची वाटच बुजते ओ, तिथं वाट बघत बसायची सोय नसते.

चुना! बोटावरच्या चामखिळीला चुना-सोडा लावतात म्हणून घशातली पण जाईल हे लॉजिक. खाल्लेला चुना अन्ननलिकेत जातो, स्वरयंत्र श्वासाच्या वाटेवर. आणि चुकून तिकडं गेलाच तर भाजेल, आधीच तिथं काडीएवढी वाट उरलीय.

पुण्याची लस म्हणजे सीरमची सर्व्हाव्हॅक. ती ६, ११, १६, १८ ह्या प्रकारांची लागण होऊ नये म्हणून आधी द्यायची, चांगलीच आहे, पोरींना द्याच, पण हे ते इंजेक्शन नव्हे. डॉक्टर लपवतात म्हणे, एफडीएनं जाहीर केलेलं कसं लपवणार?

एका ताटात जेवून हा रोग लागत नाही. मामीनं दादाचा पेला चार दिवस झाले खिडकीत वेगळा ठेवलाय, त्याला खूण म्हणून लाल दोरा बांधलाय. मामी, तो दोरा सोडा आधी, आणि बुधवारी सकाळी दादाला उपाशीपोटी घेऊन या, गाडी मी काढतो.